कबूल करून सुटण्याची किंमत

फौजदारी न्यायालयाच्या आवारात एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येत आले आहे : ‘कबूल करून टाक आणि मोकळा हो.’ पिंपरीच्या न्यायालयात ते ऐकू येते, आणि चाकण ज्या तालुक्यात मोडते त्या खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या न्यायालयातही ऐकू येते. सांगणारा कधी वकील असतो, कधी येरवड्याहून त्याच गाडीने आलेला जुना कैदी असतो, तर कधी गावाकडून रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आलेले आरोपीचे वडीलच असतात. सांगणाऱ्याच्या मनात कपट नसते. पोरगा लवकर बाहेर यावा, एवढीच त्याची इच्छा असते. आणि आजवर हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने फारसा चुकीचाही नव्हता.

हा व्यवहार कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, विशीतला एक मुलगा लातूर किंवा नांदेडकडून येऊन म्हाळुंग्याच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत हेल्पर म्हणून लागला आहे. मध्येच काम सुटले, खोलीचे भाडे थकले, नको त्यांची संगत लागली आणि तो दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात सापडला. असा गुन्हा अजामीनपात्र असतो. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी जामीनदार कोण राहणार? खोलीमालक हात वर करतो. कंत्राटदाराने तर दुसऱ्याच दिवशी त्याचे नाव हजेरीतून काढलेले असते. गावाकडच्या माणसाचा सातबारा चालतो, पण तो आणायचा, त्याची पडताळणी व्हायची, तोवर दोन तारखा उलटतात. पोरगा येरवड्यात तीन महिने, चार महिने पडून राहतो. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, ज्यांचा खटला अजून संपायचा होता. हा मुलगा त्यांतलाच एक.

मग एका तारखेला न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ तो म्हणतो, ‘आहे.’ न्यायालय त्याला भोगली तेवढीच शिक्षा सुनावते. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. त्याच संध्याकाळी पोरगा बाहेर येतो. खटला लढवला असता तर साक्षीदार येईपर्यंत वर्ष गेले असते. कदाचित तो निर्दोषही सुटला असता. पण निर्दोष सुटण्यासाठी आधी आत बसून राहावे लागते, आणि गरिबाला ते परवडत नाही. पोलिसांचा गुन्हा निकाली निघतो, न्यायालयाचा एक खटला कमी होतो, आईवडिलांना पोरगा परत मिळतो. सगळेच खूश.

१ जुलै २०२४ पासून हा हिशेब बदलला आहे. ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तेवढी कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

त्या दिवशी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेतले कलम ३७९ चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही सांगत होते. कमीत कमी किती, हे सांगत नव्हते. नव्या संहितेच्या कलम ३०३ च्या दुसऱ्या उपकलमात पहिल्या वेळेसाठी हेच कायम आहे. परंतु पुढे एक वाक्य जोडले गेले : या कलमाखाली दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर पुन्हा दोषी ठरलेल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. म्हणजे पहिल्या चोरीला न्यायाधीश नुसता दंड करून सोडू शकतात. दुसऱ्या चोरीला, ती सायकलची असो वा मोबाइलची, वर्षभराच्या आतली शिक्षा लिहिण्याची मुभा या कलमात उरलेली नाही.

आता मघाच्या मुलाचे काय झाले ते पाहा. ‘मोकळा हो’ या सल्ल्यावरून त्याने जे कबूल केले, ती त्याची पहिली दोषसिद्धी झाली. न्यायालयाच्या दृष्टीने भोगली तेवढी शिक्षा झालेला माणूस आणि पूर्ण खटला चालून दोषी ठरलेला माणूस यांत काही फरक नाही. उलट, कबुलीवरून दोषी ठरलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपीलही करता येत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढीच तक्रार करता येते. चार महिन्यांच्या सुटकेसाठी त्याने जी सही केली, तिच्यामागे पुढच्या वेळचे एक वर्ष लिहून ठेवले होते.

याच कलमात समाजसेवेच्या शिक्षेची एक नवी सोय आहे आणि तिचे वर्तमानपत्रांतून कौतुकही झाले. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. कल्पना चांगलीच आहे. (आजकाल साधा मोबाइलही पाच हजारांच्या वर जातो, ही गोष्ट वेगळी.) पण शब्द नीट वाचले पाहिजेत. समाजसेवा ही दोषी ठरल्यानंतरची शिक्षा आहे, दोषी ठरवण्यातून मिळालेली सूट नव्हे. बाग झाडून घरी आलेल्या मुलाच्या आईला वाटणार की प्रकरण मिटले. प्रत्यक्षात ते मिटलेले नसते, नोंदवले गेलेले असते.

चोरी झालेल्याची बाजू या सगळ्यात कुणी विसरू नये. चाकण पट्ट्यात दुचाकी ही चैनीची वस्तू नाही. कंपनीची बस सगळ्यांना नसते, ती मुख्यतः कायम कामगारांसाठी. कंत्राटी माणूस हप्त्यावर गाडी घेतो आणि मोशी, कुरुळी, आळंदीकडून तिच्यावर पाळी गाठतो. गाडी गेली की नोकरी डळमळते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. अशा माणसाला ‘चोर गरीब होता हो’ असे सांगून समाधान होणार नाही आणि होऊही नये. तो स्वतःही गरीबच असतो. एकच पोरगा दर दोन महिन्यांनी नव्या गुन्ह्यात सापडतो, जामिनावर येतो, पुन्हा सापडतो, हे वस्तीत डोळ्यांदेखत पाहणाऱ्याला कायदा कडक झालेला हवाच असतो. ‘पहिल्यांदा चुकला, समजू शकतो, दुसऱ्यांदा कसली चूक?’ हा प्रश्न आपल्या घरातही आपण पोरांना विचारतोच. पूर्वीच्या शिक्षेचा विचार न्यायाधीशाने करावा की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. करावाच. मुद्दा एवढाच आहे, की तो विचार न्यायाधीशाने माणूस समोर पाहून करायचा, की संसदेने दिल्लीत बसून आधीच करून ठेवायचा.

पूर्वीची शिक्षा मोजण्याची रीत नवी नाही. जुन्या संहितेचे कलम ७५ हेच करत होते आणि ते आता कलम १३ म्हणून आले आहे. नाणी, मुद्रांक किंवा मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणांतील तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस तशाच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपेपर्यंत वाढवता येते. वाढवता येते, वाढवलीच पाहिजे असे नाही. मर्यादा उंचावून न्यायाधीशाचे हात मोकळे सोडायचे, ही इंग्रजांच्या काळातल्या त्या कलमाची तऱ्हा होती. नव्या कलम ३०३ ची तऱ्हा उलटी आहे. तिथे छत फारसे उंचावले नाही, पण खालून फरशी घातली.

आणि ही फरशी जिथे घातली ती जागाही विचित्र आहे. घरात शिरून केलेली चोरी, मालवाहू किंवा प्रवासी वाहनाची चोरी, देवळातल्या मूर्तीची चोरी ही सारी कलम ३०५ मध्ये येतात. नोकराने मालकाचा माल चोरणे, म्हणजे कंपनीतून तांब्याची तार किंवा सुटे भाग बाहेर काढणे, कलम ३०६ मध्ये येते. दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे कायद्याने ती अधिक गंभीर मानली आहेत. पण दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान वर्षभर, ही अट त्या कलमांत नाही. रस्त्यावरच्या साध्या चोरीला ती आहे. बंद घरे फोडणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या शिक्षेबाबत न्यायाधीशाला तारतम्य वापरता येते आणि मंडईतल्या खिसेकापूच्या बाबतीत येत नाही, याचे कारण मला तरी सापडलेले नाही. घाईत केलेल्या कायद्याच्या शिलाईत असे टाके सुटतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो कोयत्याचा. ऊस तोडण्याचे आणि नारळ सोलण्याचे हे हत्यार हातात घेऊन गाड्यांच्या काचा फोडत जाणारी पोरे आणि त्यांना पडलेले ‘कोयता गँग’ हे नाव आता शहाण्या माणसाच्या तोंडीही बसले आहे. तिथेही पूर्वीच्या शिक्षेचे गणित आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली, जिथे अशी हत्यारे बाळगण्यावर निर्बंध जाहीर झाला आहे तिथे, धारदार शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान एक वर्ष ते तीन वर्षे कैद होते. विशेष कारणे नोंदवून न्यायालय ती कमी करू शकते. पण त्याच अधिनियमाचे कलम ३१ फार थोड्यांना माहीत असते. या अधिनियमाखाली एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्याला सांगितलेली शिक्षा दुप्पट. गंमत अशी, की केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेली वस्तू त्याच अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्रच ठरत नाही. मग कोयता शेतीचा की भांडणाचा, हा वाद चांगला वकील असेल तर घालता येतो. कबूल करून मोकळा होणारा तो घालत नाही. किमान शिक्षा म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कळले ते एका नटामुळे. संजय दत्तला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणले, पण त्याखाली नाही. कारण त्या काळी त्या कलमाची किमान शिक्षाच पाच वर्षांची होती. बाकी शिक्षा भोगायला तो याच येरवड्यात आला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत सुटला.

कोयता घेणाऱ्यांत अठराच्या आतलीही बरीच मुले सापडतात. त्यांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ प्रमाणे बाल न्याय मंडळापुढच्या निकालाची पुढच्या आयुष्यात अपात्रता म्हणून गणना होत नाही. सोळा ते अठरा वयाचा मुलगा निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणे चालवला गेला, तर मात्र हे संरक्षण राहत नाही. एरवी, अठरावा वाढदिवस ही कायद्यातली मोठी सीमारेषा आहे. तिच्या अलीकडची चूक पुसली जाते, पलीकडची नाही. आणि पलीकडची किती वर्षे मागून येते? तिला मुदतच नाही. एकोणिसाव्या वर्षी केलेली मोबाइलची चोरी पंचेचाळिसाव्या वर्षीही ‘पूर्वीची दोषसिद्धी’च असते. मधली सव्वीस वर्षे माणूस नाकासमोर चालला, संसार केला, मुलांची लग्ने लावली, तरी कलम ३०३ ला त्याचे सोयरसुतक नाही.

त्या मानाने मोक्का निदान दहा वर्षांत मावतो. पण त्याची अडचण वेगळीच आहे आणि माझ्या मते ती अधिक मोठी आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला १९९९ साली, मुंबईतल्या खंडणीखोर टोळ्यांच्या धुमाकुळात. या कायद्याखाली शिक्षा किमान पाच वर्षे, दंड किमान पाच लाख रुपये आणि जामीन जवळजवळ अशक्य. त्यात ‘पूर्वीचे’ काय मोजतात? मागच्या दहा वर्षांत दाखल झालेली एकाहून अधिक दोषारोपपत्रे, ज्यांची न्यायालयाने दखल घेतली आहे. दोषसिद्धी नव्हे. अर्थात, नव्या खटल्यात गुन्हा सिद्ध व्हावा लागतोच. परंतु त्या खटल्याला मोक्क्याचे रूप येते ते जुन्या आरोपांवरून, जुन्या शिक्षांवरून नव्हे. शिवाय २०२१ मध्ये कविता लंकेश यांच्या प्रकरणात, कर्नाटकच्या अशाच कायद्याबाबत, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही दोषारोपपत्रे टोळीच्या नावावर असली तरी पुरे. प्रत्येक आरोपीच्या नावावर ती असायला हवीत असे नाही.

मुंबईच्या डॉनसाठी केलेल्या कायद्यात भोसरी-चिखलीचे भाई आले. त्यांच्या मागे मोटारसायकलवर बसणारा, वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याचे फोटो मिरवणारा पोरगाही आला. २०१८ च्या १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. चाकण, आळंदी, तळेगावचा भाग ग्रामीण पोलिसांकडून त्यात आला, आणि तेव्हापासून ‘टोळीवर मोक्का’ ही बातमी शहरात नेहमीची झाली. पोलिसांचा त्रागा मला कळतो. साक्षीदार फुटतात, खटले पडतात, गुंड सहीसलामत सुटून मिरवणूक काढतात. दोषसिद्धी मिळत नाही म्हणूनच तर दोषारोपपत्रांवर काम भागवायचे. तडीपारी आणि एमपीडीएचा वर्षभराचा स्थानबद्धता आदेश हे त्याच वाटेवरचे आणखी दोन टप्पे. पण दोषसिद्धी मिळवणे अवघड आहे म्हणून तिची गरजच काढून टाकायची, हा उपाय रोगापेक्षा विचित्र आहे. यातून एक उलटापालट होते. साध्या चोराची कबुली क्षणात दोषसिद्धी बनते आणि जन्मभर मोजली जाते. टोळीच्या बाबतीत मात्र ती लागतच नाही.

या सगळ्याची एक बाजू आपल्याच मातीतली आहे. खेड तालुक्यातले कन्हेरसर हे चंद्रचूड घराण्याचे मूळ गाव, चाकणपासून फार दूर नाही. यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, ७ एप्रिल १९८३ रोजी, मिठ्ठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात घटनापीठाने जुन्या संहितेचे कलम ३०३ रद्द केले. (आकडा तोच, पण कलम वेगळे. तेव्हाचे ३०३ खुनाचे होते.) जन्मठेप भोगत असलेल्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असे ते सांगत होते. न्यायालयाने म्हटले, की परिस्थिती न पाहता, न्यायाधीशाला विचार करण्याची संधीच न देता शिक्षा ठरवणे घटनेत बसत नाही. पूर्वीची शिक्षा हे नंतरच्या शिक्षेचे एकमेव कारण होऊ शकत नाही, हे आपल्या देशात सर्वांत ठामपणे सांगितले गेले ते त्या दिवशी. नव्या संहितेच्या कलम १०४ मध्ये अशा गुन्ह्याला फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप असा पर्याय आता दिला आहे.

पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल लागला. कारागृह नियमावलीतून जातीनुसार कामाची वाटणी काढून टाकण्याचा तो निकाल. त्यातच ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाकडेही न्यायालयाने पाहिले. तो शब्द कुठून आला? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. त्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. गुन्हा केला म्हणून नोंद नव्हे, नोंद आहे म्हणून गुन्हेगार. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि या लोकांना ‘विमुक्त’ असे नाव मिळाले. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि काही नियमावल्यांत विमुक्त जमाती व सराईत यांची सांगड तशीच राहिली. न्यायालयाने ती तोडली. सराईत म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारा, कुणाच्या पोटी जन्मलेला नव्हे, असे बजावले. पोलीस ठाण्याच्या फळ्यावर लिहिलेली ‘रेकॉर्डवरील’ नावे वाचताना या इतिहासाची आठवण ठेवलेली बरी.

दुसऱ्या गुन्ह्याच्या बाबतीत आपल्या मनाची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात. २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये त्या ओसाड गिरणीत दोन तरुणींवर सामूहिक अत्याचार झाले. दोन्ही खटल्यांत दोषी ठरलेल्या तिघांना एप्रिल २०१४ मध्ये फाशी सुनावली गेली, ती पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी २०१३ सालीच घातलेल्या कलम ३७६ (ई) खाली. आपल्या घरांतूनही तेव्हा ‘बरे झाले’ असेच उद्गार निघाले असतील, आणि त्यात गैर काही नाही. पण दोन्ही खटल्यांत ते दोषी ठरले ते एकाच दिवशी. पहिली शिक्षा होऊन, ती भोगून, तिच्यातून काही शिकण्याची वेळ आलीच नव्हती. ‘पूर्वीची दोषसिद्धी’ या शब्दांमागचा विचारच मुळी असा, की एकदा शिक्षा होऊनही सुधारला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कलम वैध ठरवले आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. तिघे तुरुंगातच राहणार आहेत. मला तो निकाल योग्य वाटतो.

किमान शिक्षांचा हा रस्ता कुठवर जातो ते पाहायचे तर कॅलिफोर्नियाचे उदाहरण पुरेसे आहे. १९९४ मध्ये तिथे तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप असा कायदा झाला. पुढे गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला तेवढी आणि दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्याला किमान पन्नास वर्षे शिक्षा झाली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम केल्या. २०१२ मध्ये शेवटी मतदारांनीच तो कायदा सौम्य केला. आपले एक वर्ष आणि त्यांची पन्नास वर्षे यांची तुलना होत नाही, हे कबूल. पण त्यांचीही सुरुवात ‘दुसऱ्यांदा कसली चूक?’ याच प्रश्नाने झाली होती.

एक वर्षाची सक्तमजुरी विशीतल्या मुलाला काय करते, हे येरवड्याच्या दाराबाहेर मुलाखतीसाठी उभ्या असलेल्या बायांना विचारावे. त्या तुरुंगात क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. आत गेलेला मोबाइल चोर तिथे कुणाच्या शेजारी झोपतो आणि काय शिकून बाहेर येतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. बाहेर आल्यावर कंपनीच्या गेटवर पोलीस पडताळणीचा दाखला मागतात. तो मिळत नाही, म्हणून नोकरी मिळत नाही. मग जुनी संगत पुन्हा भेटते. याच महाराष्ट्रात १९३९ साली औंध संस्थानच्या राजाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली आणि शिक्षा झालेल्या कैद्यांना कुटुंबासह शेती करायला लावले. ‘दो आँखें बारह हाथ’ चित्रपट त्यावरूनच सुचला. आपल्याला हे सुचत नव्हते असे नाही.

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. त्यात दहा वर्षांची मुदत घालणे अजिबात कठीण नाही; मोक्क्यात ती आहेच. तोवर आहे त्या कायद्यातही काही दारे उघडी आहेत आणि ती कुटुंबांना माहीत नसतात. चोरी हा तडजोडीचा गुन्हा आहे. ज्याचा माल गेला त्याने माल परत मिळाल्यावर तडजोड केली, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो आणि मोजणीला काहीच उरत नाही. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला, १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाप्रमाणे, तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. त्याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये पूर्वी शिक्षा झालेली नसावी अशी अटही नाही. २०२१ मध्ये लखवीरसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेतल्या किमान शिक्षेच्या एका गुन्ह्यातही परिवीक्षेचा लाभ दिला होता. कलम ३०३ च्या वर्षभराच्या फरशीलाही ही फट आहे, पण वकिलाने ती दाखवली तर. आणि वकील परवडत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी, विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क असणाऱ्यांच्या यादीत कोठडीतला माणूस तर आहेच, शिवाय ‘औद्योगिक कामगार’ हे दोन शब्दही स्पष्ट लिहिलेले आहेत. लाखो कामगारांच्या या पट्ट्यात ते किती जणांना ठाऊक असतील?

पहिल्यांदाच पकडलेल्यांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक सवलतही दिली आहे. ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, असा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे. इतरांसाठी हीच मुदत निम्मी आहे. चोरीच्या बाबतीत तीन वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. पण चौथ्या महिन्यात कबूल करून बाहेर आलेला मुलगा ही सवलत कायमची घालवून बसतो, आणि कलम एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना तर ती देतच नाही. दंडाधिकाऱ्यांनी कबुली नोंदवताना एक प्रश्न जास्त विचारावा : ‘पुढच्या वेळी या कबुलीमुळे किमान वर्षभराची सक्तमजुरी होईल, हे तुला कुणी सांगितले आहे का?’ त्याला कायद्यात दुरुस्ती लागत नाही, अर्धा मिनिट लागतो.

एक प्रश्न मात्र न्यायालयांनाच सोडवावा लागेल. कलम ३०३ म्हणते, ‘या कलमाखाली’ दुसऱ्यांदा दोषी ठरलेला. १ जुलै २०२४ पूर्वी ज्यांनी कबूल करून सुटका करून घेतली, ते दोषी ठरले जुन्या संहितेच्या ३७९ खाली. ती दोषसिद्धी ‘या कलमाखालची’ म्हणायची का? शब्द सरळ वाचले तर नाही. पण सरकारी वकील जुन्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून हजर होतील, तेव्हा समोर कोण उभे असेल, यावर बरेच अवलंबून आहे. पिंपरीच्या आणि राजगुरुनगरच्या अभिलेख कक्षांत अशा कबुल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत, आणि ज्यांची नावे त्यांत आहेत ते बहुतेक जण आज याच पट्ट्यात कुठे ना कुठे पाळी करत असतील.